पत्र्याच्या मशीनचा दुसरा दांडा

त्या वर्षी अकोल्याहून त्या घरात दोन जिनसा आल्या. एक मी आणि दुसरी पत्रा वाकवायची मशीन. मी माघात आले, मशीन वैशाखात. मी आले तेव्हा सासूनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला मागच्या खोलीत नेऊन बसवलं. मशीन आली तेव्हा चार माणसांनी ती स्टेशनवरून बैलगाडीत घालून आणली, तिला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, गल्लीत पेढे वाटले गेले. तिला जागा मिळाली ती पुढे दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी. माझ्या वेळी काय वाटलं होतं, हे मी पुढे एकदा सासूला विचारलं. ती म्हणाली, "तुह्या वक्ताले गूळ वाटला होता."

सोळा वर्षांच्या मुलीला जळायला एवढं पुष्कळ झालं.

घर अमरावतीत. पुढे दुकान, मागे आम्ही. दुकानात पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, बादल्या आणि छपराच्या पन्हाळ्या व्हायच्या. चिखलदऱ्याच्या बंगल्यांना दर पावसाळ्याआधी नवी पन्हाळी लागायची, ती आमच्याकडून जायची. घरात सासू, नवऱ्याचे मोठे भाऊ म्हणजे माझे भासरे, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, माझा नवरा आणि मी. जावेचा एक मुलगा होता, तो मामाकडे शिकत होता.

मशीन दिसायला काही रूपवान नव्हती. अकोल्याच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या वर्कशॉपातली, कुणीतरी वापरून सोडलेली. बिडाचे दोन पाय, त्यांवर चार फूट रुंद पाट, पाटावर वरून दाबणारा जबडा, आणि समोर बिजागरीवर फिरणारी झडप. पत्रा जबड्याखाली सारायचा, खिळ्यानं ओढलेली रेघ जबड्याच्या ओठाशी आणायची, जबडा खाली दाबायचा आणि झडप उचलायची. झडपेबरोबर पत्रा उठतो आणि रेघेवर मोडतो. याआधी हेच काम रुळाच्या तुकड्यावर लाकडी हातोड्यानं ठोकून व्हायचं. एका पेटीला अर्धा दिवस जायचा, आणि अख्ख्या गल्लीचं डोकं उठायचं ते वेगळंच.

झडपेला दांडे दोन, एकेका टोकाला एक. चार फुटी पत्रा एकट्याच्या हातानं सरळ मोडत नाही. दोन माणसांनी दोन्ही दांडे एका वेळी, एका जोरानं उचलावे लागतात. माझ्या साऱ्या दुःखाचं मूळ हे. एका दांड्याला माझा नवरा. दुसऱ्याला भासरे असायचे, पण चांदूर बाजारला एका छपरावर पन्हाळ लावताना ते खाली पडले आणि त्यांचा उजवा खांदा कायमचा धरला. मग तो दांडा कुणी घेतला? जावेनं.

मी का नाही घेतला, असं माझ्या नाती विचारतात. बायांनो, तेव्हा धाकट्या सुनेनं भासऱ्यासमोर यायचं नसे. यायची वेळ आलीच तर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि आवाज म्हणून ऐकू द्यायचा नाही. भासरे दिवसभर दुकानात गादीवर. म्हणजे दुकान मला बंद. मोठ्या भावजयीला मात्र धाकट्या दिराशी बोलायची, त्याची थट्टा करायची, त्याच्या पाठीत धपाटा घालायची पूर्ण मोकळीक. हा नियम कुणी केला मला माहीत नाही. पण करणारी कुणीतरी मोठी जाऊच असणार, याबद्दल तेव्हा माझ्या मनात शंका नव्हती.

दुकान आणि घर यांच्यामध्ये गोणपाटाचा पडदा होता. त्याला एक भोक होतं. पहिल्यांदा ते हरभऱ्याच्या दाण्याएवढं होतं; मी येऊन पाच महिने झाले तेव्हा त्यातून लिंबू गेलं असतं. भाकरीचं पीठ काढायला उठले की डोळा भोकाला. तिकडे जाऊ म्हणायची, "हं." नवरा म्हणायचा, "चाल." झडप कुर्र करत वर जायची. मग दोघं एकदम, "बस." पुन्हा "हं", पुन्हा "चाल", पुन्हा "बस". सकाळभर हे. लग्न झाल्यापासून नवरा माझ्याशी जितके शब्द बोलला असेल, त्याहून जास्त वेळा तो वहिनीला एका सकाळी "चाल" म्हणायचा.

जाऊ दिसायला माझ्याहून उजवी नव्हती. हे मी रोज आरशात तपासत असे. नाक बसकं, केस विरळ, आणि वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. पण हात! बांगड्या कोपरापर्यंत चढवून त्यांवर चिंधी बांधायची, म्हणजे त्या दांड्यात अडकायच्या नाहीत. ती चिंधी बांधलेली मनगटं एकदम वर उठायची आणि कुठं थांबायचं ते त्यांना कळायचं. नवरा जेवता जेवता म्हणायचा, "वैनीच्या हाताले अंदाज हाये. काटकोनाले गुन्या लावून पाहाची गरज नाई." मी त्याच्या ताटात भाकरी टाकायचे ती जरा उंचावरून.

एक दिवस मीही बांगड्या वर सारल्या, चिंधी बांधली आणि भाकरी थापायला बसले. सासूनं पाहिलं.

"हात भाजला का वं?"

"नाई."

"मंग लचकला?"

"नाई जी."

"मंग भाकरीले कावून पट्टी बांधून राह्यली?"

मी चिंधी सोडली नाही. कशासाठी सोडू? त्या दिवशीच्या भाकरी मशीनवर मोडल्यासारख्या चौकोनी आल्या होत्या, असं नवरा पुढे सांगायचा. त्यात तिखट-मीठ त्यानं लावलेलं आहे. दोनच चौकोनी होत्या.

आता त्या दिवसाचं सांगते.

भातकुलीकडचे एक गृहस्थ पेटी सांगून गेले होते. कचेरीत शिपाई होते. आदल्याच वर्षी घरादारासह नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांची मुलगी मास्तरणीच्या ट्रेनिंगला नागपूरला निघाली होती, त्यांच्या घरातली पहिली. तिच्या पुस्तकांसाठी पेटी. भासऱ्यांनी पत्रा निवडून ठेवला होता. तेव्हा पत्रा परमिटवर मिळायचा, त्यामुळे एकेक तुकडा जपून वापरायचा. सकाळी पेटीचा खालचा भाग झाला. झाकण जेवणानंतर करायचं ठरलं. बापलेक तिसऱ्या प्रहरी पेटी न्यायला येणार होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची त्यांची गाडी.

मुलगी शिकायला निघाली हे पडद्याआडून ऐकलं तेव्हा मी आधी तिच्यावर जळले. मग तिच्या पेटीवर. दिवसभर त्या पेटीचे लाड चालले होते. सकाळी खालचा भाग पुरा झाला तेव्हा नवरा म्हणाला, "वैनी, अशी पेटी अमरावतीत कोनाले जमाची नाई." जाऊ हसली. पडद्यामागे माझ्या हातात ज्वारीच्या पिठाचा गोळा होता. मी तो इतका मळला की त्याची रबडी झाली.

भोकातून पाहून पाहून मला मशीन कळली होती, निदान तशी माझी समजूत होती. जबड्याच्या दोन्ही टोकांना एकेक पेच असतो. पत्रा जाड असेल, पातळ असेल, त्याप्रमाणे तो कमीजास्त आवळायचा. दोन्ही पेच सारखे हवेत. एक ढिला राहिला तर त्या बाजूचा पत्रा झडप उठताना जबड्याखालून हळूच सरकतो आणि मोड तिरपी येते. जाऊ भिंतीकडच्या दांड्याला उभी असायची, नवरा रस्त्याकडच्या. मी हिशेब केला: भिंतीकडचा पेच ढिला झाला की जावेच्या बाजूची मोड तिरपी येईल. मग पाहू हाताचा अंदाज.

दुपारी पुरुष जेवायला बसले. जाऊ वाढत होती, सासू त्यांच्याशी बोलत होती, मी चुलीपुढे. "पानी आनतो," म्हणून मी घागर घेऊन उठले आणि विहिरीकडे न जाता पडद्यातून दुकानात शिरले. घागर खाली ठेवली. पेचाला आखूड मूठ होती, काळ्या तेलानं माखलेली. उजव्या हातानं धरून दीड फेरा उलटा फिरवला. दीड का? एक कमी वाटला आणि दोनची छाती झाली नाही. मग घागर भरून आणून मी भाकरी थापायला बसले. त्या दिवशीची शेवटची भाकरी टम्म फुगली. माझ्या हातून इतकी चांगली भाकरी त्याआधी झाली नव्हती.

जेवणं झाली. मी ताटं-भांडी घेऊन मागच्या अंगणात गेले, रोजच्यासारखी. तिथून "हं", "चाल", "बस" ऐकू येत होतं. आज प्रत्येक "बस"ला मी राख घासता घासता हसत होते.

मला जे माहीत नव्हतं ते असं, की जेवणानंतर ती दोघं बाजू बदलत असत. सकाळभर एकाच हातावर जोर आला की खांदा भरून येतो, म्हणून दुपारी जाऊ रस्त्याकडे आणि नवरा भिंतीकडे. दोन महिने मी पडद्याला डोळा लावून जे शिकले ते सगळं सकाळचं होतं. दुपारी मी भांडी घाशीत असे.

बापलेक आले. मी पडद्याशी येऊन उभी राहिले. भासऱ्यांनी झाकण पेटीवर ठेवलं. तीन कोपरे बसले, चौथा वर. त्यांनी तो तळहातानं दाबला तर समोरचा उठला. पुन्हा तो दाबला, हा उठला. मुलगी बापाकडे पाहायला लागली. बाप नुसते म्हणाले, "मालक, सकाळची गाडी हाये."

भासऱ्यांनी झाकण उलटं करून नजरेनं रेघ पाहिली. "तिरपी गेली. जवभर." मग भावाकडे वळले. "तुह्या बाजूनं सरकला पत्रा."

"माह्या?"

"भिताडाकडून सरकला. भिताडाकडे कोन होतं? पट्टी घालून पाह्यली होती का?"

ही पट्टीची गोष्ट सांगायला हवी. मशीनचा पहिला नियम हाच. काम सुरू करायच्या आधी त्याच पत्र्याच्या दोन भंगार पट्ट्या घ्यायच्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला घालून मोडायच्या, आणि दोन्ही शेजारी धरून पाहायच्या. सारख्या मोडल्या तर पेच सारखे. सकाळी पाहिलं तरी दुपारी पुन्हा पाहायचं. जाऊ कधी चुकायची नाही. त्या दिवशी तिनं विचारलं होतं, आणि नवरा भरल्या पोटानं म्हणाला होता, "पाह्यली सकाळी, उचला तुमी."

"सकाळी पाह्यली नं," नवरा म्हणाला.

"सकाळची पट्टी सकाळी! जेवल्यावर पाह्यली का?"

परक्या माणसांसमोर, एका पोरीसमोर मोठा भाऊ बोलला. त्यानं हात पुसले, टोपी घातली आणि दुकानातून उतरून चालता झाला.

मी तिथं पडद्यामागे. जिच्यासाठी खड्डा खणला ती कोरडी, आणि ज्याच्यापायी खणला तोच त्यात.

जाऊ वाकून पेच पाहत होती. रस्त्याकडचा पाहिला, मग भिंतीकडे गेली. तिथं ती थांबली. काळ्या तेलकट मुठीवर ज्वारीच्या पिठाची पाच बोटं उमटली होती. पांढरी शुभ्र. अंगठासुद्धा. एवढा साळसूदपणा केला आणि हात धुवायचे राहिले! आजही चोरी-चपाटीच्या गोष्टी ऐकते तेव्हा मला वाटतं, माझ्यापेक्षा बावळट चोर या जिल्ह्यात झाला नसेल.

तिनं पडद्याकडे पाहिलं. भोकाकडे. त्या भोकात माझा डोळा होता. मला तो काढून घेण्याचंही सुचलं नाही.

मग तिनं मनगटाची चिंधी सोडली, मूठ स्वच्छ पुसली आणि भासऱ्यांना म्हणाली, "जुनी मशीन हाये. पेच आपोआप सुटते कधी कधी. दुसरं झाकन करून देऊ. कोठीच्या बुडासाठी ठेवला तो पत्रा काढा."

"करंन कोन? तो तं गेला," भासरे म्हणाले.

"मी हावो नं."

"अन् दुसऱ्या दांड्याले?"

जावेनं पडद्याकडे तोंड करून, साध्या आवाजात हाक दिली, "अवं, इकडे ये. हात धुवून ये."

आत सासू खोकली. ती परवानगी होती की मनाई, ते आजवर कळलेलं नाही. मग भासरे उठले, कोपऱ्यातलं स्टूल उचललं, बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलं आणि दुकानाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले. आमच्या घराण्यातली एवढी मोठी गोष्ट एका स्टुलावर निभावली.

मी पदर ओढून बाहेर आले. पदरातून मला फक्त माझे पाय आणि मशीनचे पाय दिसत होते.

"पदर खोच," जाऊ म्हणाली. "दांडा पदरात दिसत नाई. बांगड्या वर घे. चिंधी बांध; ते येते तुले, भाकरी करतानी पाह्यलं म्या." मग जरा हळू, "आता तो पेच आवळ. कुठी हाये ते तुले मालूम हाये."

मी पेच आवळला. तिनं दोन पट्ट्या दिल्या. एक मी माझ्या टोकाला घातली, एक तिनं तिच्या. मोडून शेजारी धरल्या. माझी जरा गोल होती. "अजून पाव फेरा." पुन्हा पट्ट्या. या वेळी सारख्या.

ती पोरगी जवळ येऊन पाहत होती. "हे मशीन बाया चालवते?"

"बायाच चालवते," जाऊ म्हणाली. "मानसं पट्टी घालाले भुलते."

पोरगी हसली. तिचे वडीलही हसले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण तिच्या पोटात जायचं तर आधी दांडा सोडावा लागला असता, आणि तो सोडायचा नाही एवढं मात्र मला कळत होतं. दोन महिने ज्याच्यासाठी जळले तो दांडा माझ्या हातात होता. चोरीची शिक्षा म्हणून मिळाला होता, पण मिळाला होता.

"हं," ती म्हणाली, आणि मी ताडकन उचलला.

"ठेव खाली. मशीनीशी भांडून राह्यली का तू? झडपीकडे पाहू नको. माह्या खांद्याकडे पाहाय. तो उठला की तूही उठ."

मी तिच्या खांद्याकडे पाहिलं. इतके दिवस मी तिचे हात पाहत होते. सगळं काम खांद्यात होतं, हातात नव्हतंच. खांदा उठला, मी उठले. झडप माझ्या जोरानं जात नव्हती आणि तिच्याही जोरानं जात नव्हती. जणू आमच्यामध्ये ती आपणच वर येत होती. गुण्याच्या कोनापाशी, म्हणजे काटकोनात, मी थांबले.

"अजून जरासा. पत्रा मोडला म्हनून तसाच राहात नाई, तो थोडा मागं येते. म्हनून गुन्यापेक्षा जरा जास्त उचलाचा, मंग सोडाचा. बस."

झडप खाली येत होती तेव्हा बाहेरून, रस्त्याकडे तोंड केलेल्या भासऱ्यांचा आवाज आला, "म्हनावं त्याईले, झडप आपटू देऊ नका."

त्याई म्हणजे मी. भासरे मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य.

आम्ही झाकणाच्या दोन्ही लांब बाजू मोडल्या. आखूड बाजूंच्या पट्ट्या रिव्हेटनं बसवायच्या होत्या, ते जावेनं केलं. झाकण पेटीवर ठेवलं, चारी कोपरे बसले. मी ते जुनं तिरपं झाकण उचललं आणि विचारलं, "हे उलटं मोडून सरळ नाई होत?"

"नाई. एकडाव मोडलेली रेघ उलटी फिरवली की पत्रा तिथंच तुटते. त्याच्या बादल्याच्या बुडी होईन." मग माझ्याकडे पाहून, "काही फेकाचं काम नाई."

बापलेक पेटी घेऊन गेले. पोरीनं जाताना झाकणावरून हात फिरवला. जिथं तिनं हात फिरवला ती मोड माझ्या बाजूची होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. इथं लिहिते आहे.

मग आम्ही दोघी मागं न्हाणीपाशी राखेनं हाताचं तेल काढत बसलो. मी वाट पाहत होते. मारेल, सासूला सांगेल, नवऱ्याला सांगेल.

"कोनावर जळते वं तू?" तिनं विचारलं. "माह्यावर का मशीनीवर?"

मी खरं सांगितलं. "दोघीईवर."

ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली. पदरानं डोळे पुसले आणि काळं तेल गालाला लावून घेतलं. "बाई वं! म्या या घरात आली तवा तुह्या नवऱ्याचं नाक मी पुसत जावो. शेंबडं होतं ते, लय शेंबडं. त्याच्यासाठी जळते तू?"

त्यानं माझी आग विझली असं वाटत असेल तर तुम्ही सोळा वर्षांच्या मुली पाहिलेल्या नाहीत. मला लगेच दुसरी गोष्ट टोचली: हिनं त्याचं नाक पुसलं आहे, मी कुठं पुसलं?

नवरा संध्याकाळी परत आला. वहिनीनं त्याला काहीच सांगितलं नाही, आणि मी तर सांगणारच नव्हते. त्या दिवसापासून त्यानं पट्टी घातल्याशिवाय एकही मोड घेतली नाही. पुढे जो कोणी मशीनला हात लावील त्याला तो ही गोष्ट सांगायचा: "आयुष्यात एकडाव पट्टी घातली नाई, अन् चार मानसांत मान खाली गेली." पन्नास वेळा तरी मी ती ऐकली असेल. दरवेळी मी चहा गाळत असायचे, आणि दरवेळी कप भरून बशीत सांडायचा.

त्यानंतर दुपारी भासरे स्टूल घेऊन बाहेर बसायचे आणि आम्ही दोघी मशीनवर. नवरा तेव्हा पेट्यांना रिव्हेट मारायचा, कड्या लावायचा. पडद्याचं भोक मी स्वतःच सुईदोऱ्यानं शिवलं. तीन वर्षं असं चाललं. "हं"पाशी आम्हाला बोलावंही लागेना झालं. खांदा उठायचा, झडप उठायची.

महाराष्ट्र झाला त्या सुमाराला भासऱ्यांनी अकोल्याला वेगळं दुकान टाकायचं ठरवलं. तिथं नवी मशीन घेणार होते. जुनी आम्हाला राहिली. निघताना जाऊ मशीनच्या दोन्ही पेचांना तेल देऊन गेली. मला वाटलं होतं, आता माझं राज्य आलं. एका दांड्याला मी, दुसऱ्याला नवरा. हेच तर हवं होतं.

पहिल्याच पन्हाळीला भांडण झालं. तो "चाल" म्हणायच्या आधी उचलायचा आणि उचलून झाल्यावर "चाल" म्हणायचा. मी त्याच्या खांद्याकडे पाहायचे तर खांदा काहीच सांगायचा नाही. तो सगळं मनगटानं करायचा. "वैनीसंगं बराबर होत होतं," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "माहं बी." आम्ही पेट्या केल्या, पोरं केली, पन्हाळ्या केल्या. मोडी सरळ यायच्या, पट्टी रोज घालायचो. पण झडप आमच्यामध्ये आपणहून कधी वर आली नाही; शेवटपर्यंत आम्हाला दोघांना ती उचलावीच लागली.

सहा-सात वर्षांनी जावेच्या मुलाचं लग्न झालं आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी माहेराला म्हणून अकोल्याला गेले, तशी तिच्याकडे उतरले. दुपारची वेळ. घरात सांडगे घालायचे चालले होते, म्हणून मीही पीठ कालवायला हात घातला. तेवढ्यात दुकानातून आवाज आला, "हं." मग झडपेची कुर्र. मग "बस."

मी पिठाच्या हातानंच दारात गेले. एका दांड्याला जाऊ, कानशिलांवर केस पांढरे, बांगड्यांवर चिंधी. दुसऱ्या दांड्याला तिची नवी सून. लग्नाला तीन महिने झालेली, पोरसवदा, गोरी, आणि डोळे जावेच्या खांद्यावर. खांदा उठला की उठत होती. चुकत नव्हती.

मी पुन्हा जळले. तशीच, पहिल्यासारखी, सोळाव्या वर्षासारखी. माझी जागा होती ती! तिथं मी उभी राहायचे. हे शेंबडं पोर कोण?

दोघी पत्रा काढून आतल्या बाजूला ठेवायला वळल्या. मशीन माझ्यासमोर मोकळी. मी दोन पावलं पुढे गेले. भिंतीकडच्या पेचाची मूठ नवी होती, चकचकीत. नाही हो, मी काही करणार नव्हते. दीड फेरा तर नाहीच. फार तर पाव.

"हात धुतले का वं?" जाऊ म्हणाली. ती मागं वळलीही नव्हती.

मी माझे हात पाहिले. कोपरापर्यंत पीठ.

जावेनं सुनेला सांगितलं, "तू जाय, सांडग्याचं पाहाय. अन् तुह्या चुलतसासूले हातावर पानी घाल." सून गेली. मी हात धुवून आले, बांगड्या वर सारल्या, आणि जावेनं आपल्या मनगटाची एक चिंधी सोडून माझ्या मनगटाला बांधली.

बाहेर ओट्याकडून स्टूल सरकल्याचा आवाज झाला. भासरे आता थकले होते, कानानं कमी ऐकायचे. पण मी दांड्याला आलेली दिसताच त्यांनी आपलं स्टूल फिरवलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

"म्हनावं त्याईले," ते रस्त्याला म्हणाले, "आधी पट्टी घालून पाहा."